बेटावर शत्रू उतरतो तेव्हा: १९४०च्या ब्रिटनवर पर्यायी इतिहासाची कादंबरी कशी लिहावी

७ सप्टेंबर १९४०. रात्री आठच्या सुमारास ब्रिटिश लष्करी मुख्यालयातून तारेवरून एकच शब्द सुटला: 'क्रॉमवेल'. अर्थ असा, की स्वारी आता कुठल्याही क्षणी होऊ शकते, फौजांनी आपापल्या जागा धराव्यात. शब्द सगळीकडे पोचला, अर्थ मात्र सगळीकडे सारखा पोचला नाही. काही गावांत होमगार्डांना वाटलं, जर्मन उतरलेच. चर्चच्या घंटा जूनपासून मुक्या होत्या. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या, असा हुकूम होता. त्या रात्री काही ठिकाणी त्या वाजल्या. बायका मुलांना पोटाशी धरून बसल्या, माणसं शिकारीच्या बंदुका घेऊन बांधांवर जाऊन उभी राहिली. पहाट झाली. कोणीच आलं नव्हतं.

या रात्रीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. त्या काही तासांपुरता, त्या गावांपुरता, पर्यायी इतिहास खराच होता. घंटा वाजवणाऱ्या माणसाला उद्याचं वर्तमानपत्र वाचायला मिळालेलं नव्हतं. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला नेमकं हेच अज्ञान कमवावं लागतं. युद्धाचा शेवट आपल्याला पाठ असतो, आणि तो नकळत पात्रांच्या तोंडून बोलू लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका धोक्यापासून वाचण्यासाठी आहेत. सोबत एक उदाहरण घेऊन चालू: इंग्लंडमधल्या केंटच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रॉम्नी मार्श या पाणथळ भागातलं एक लहान गाव. गावाला नाव तुम्हीच द्या, पण ते नकाशावर शोधून सापडणार नाही असं द्या.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

बहुतेक जण 'जर्मनी जिंकला असता तर?' इथून सुरुवात करतात. मीही केली होती. साठ पानं झाल्यावर लक्षात आलं, की माझ्याकडे मंत्रिमंडळं आहेत, तह आहेत, नकाशे आहेत, पण घरात बसून कोणाची तरी वाट बघणारा एकही माणूस नाही. तो खर्डा मी बाजूला ठेवला.

मोठ्या प्रश्नात आणखी एक अडचण आहे. ब्रिटनवर फौजा उतरवायची जर्मनीची योजना, म्हणजे 'ऑपरेशन सी लायन', यशस्वी झाली असती असं दाखवणं फार अवघड आहे. १९७४ साली सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत या स्वारीचा युद्धखेळ मांडला गेला. पंचांमध्ये ॲडॉल्फ गॅलांड आणि फ्रीडरिश रूगे हे त्या युद्धात प्रत्यक्ष लढलेले जर्मन अधिकारीही होते. निष्पन्न असं झालं, की फौजा उतरतात, काही मैल आत शिरतात, मग रॉयल नेव्ही इंग्लिश खाडीत येते, मागची रसद तुटते आणि उतरलेले सैनिक अडकून पडतात.

हा निकाल वाचून अनेक जण हिरमुसतात. मला तो कादंबरीकाराला मिळालेला ऐवज वाटतो. तुम्हाला जर्मनीचा विजय हवाच आहे का? किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी तीन आठवडे शत्रूच्या ताब्यात राहिली, एवढं पुरत नाही का? लंडन पडलं की नाही, हे पट्टीतल्या माणसांना ठाऊक नाही. हे राज्य तीन आठवड्यांचं आहे की तीनशे वर्षांचं, तेही ठाऊक नाही. दुकानदाराने जर्मन अधिकाऱ्याला साखर विकावी का, या प्रश्नाला खरं वजन इथेच येतं.

ज्यांना लांबलेला अंमल हवा असेल त्यांनी लष्करी वाट सोडून राजकीय वाट धरावी. २६ ते २८ मे १९४० या तीन दिवसांत ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात खरोखरच वाद झाला होता: इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी विचारून पाहाव्यात, असं परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचं म्हणणं होतं आणि चर्चिल यांचा त्याला विरोध होता. तिथे पारडं दुसरीकडे झुकलं, तर फौजा न उतरताही बेट हळूहळू परक्याच्या मुठीत जाऊ शकतं. पण ती कादंबरी वेगळी. तिच्यात घंटा वाजत नाहीत.

दुसरी पायरी: फाटा कुठे फुटतो ते एका वाक्यात लिहा

खऱ्या इतिहासाच्या रस्त्याला जिथे फाटा फुटतो, ती जागा एका वाक्यात मांडता आली पाहिजे. दोन वाक्यं लागली, तर बहुधा तुम्ही दोन फाटे फोडले आहेत.

नेहमीचे फाटे आधी पारखून बघू. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कजवळ जर्मन रणगाड्यांना थांबवणारा २४ मेचा हुकूम निघालाच नाही, असं धरता येतं. मग तिथून समुद्रमार्गे ब्रिटनला सुटलेले दोस्त फौजांचे ३,३८,२२६ सैनिक, निदान त्यांतले बरेच, कैदेत जातात. फाटा जबरदस्त आहे, पण तो उन्हाळ्याचं सगळं राजकारणच उलथून टाकतो आणि कादंबरी गावात पोचायच्या आत दोनशे पानं संपतात. दुसरा लोकप्रिय फाटा म्हणजे ७ सप्टेंबरला जर्मन विमानांनी विमानतळ सोडून लंडनकडे मोर्चा वळवलाच नाही, हा. माझ्या मते हा दिसतो तेवढा भक्कम नाही. ब्रिटिश विमानदळ फार रेटलं गेलं असतं, तर थेम्सच्या उत्तरेला सरकलं असतं. आणि आकाश मिळालं म्हणून रात्रीचा समुद्र मिळत नाही.

आपल्या उदाहरणासाठी मी सर्वांत छोटा फाटा निवडतो. १७ सप्टेंबर १९४० रोजी हिटलरने ही स्वारी बेमुदत पुढे ढकलली. आपल्या कादंबरीत तो ती ढकलत नाही. बस. त्या दिवसाआधीचं जग जसंच्या तसं राहतं. बंदरात जमलेल्या नौका, दोन्ही बाजूंची विमानं, चहाचं रेशन, गावातली भांडणं, सगळं खऱ्या नोंदींतून उचलता येतं. फक्त एका माणसाने एका बैठकीत वेगळं उत्तर दिलेलं असतं, आणि हट्टापायी चुकीचे निर्णय त्याने पुढे प्रत्यक्षात घेतलेच, त्यामुळे वाचकाला हे पटवावं लागत नाही.

तिसरी पायरी: समुद्राचा हिशेब मांडा

इथे घाई करू नका. बेटाच्या कथेत समुद्र हे पहिलं पात्र आहे. त्याच्या बाबतीत थाप मारली, तर जाणता वाचक दहाव्या पानावर पुस्तक मिटतो.

डोव्हरजवळ खाडी सगळ्यांत अरुंद आहे, जेमतेम ३३-३४ किलोमीटर. पोहणारे ती पार करतात, म्हणून सैन्यही करेल असं वाटतं. पण सैन्याला रोज उठून पार करावी लागते: दारूगोळा, पाणी, पेट्रोल, आणि घोड्यांचा चारा. होय, घोड्यांचा. त्या वेळची जर्मन फौज मालवाहतुकीला मोठ्या प्रमाणावर घोडे वापरत होती आणि स्वारीच्या योजनेतही हजारो घोडे होते.

हे सगळं न्यायचं कशातून? जर्मनांकडे किनाऱ्यावर उतरवणारी खास जहाजं नव्हती. त्यांनी ऱ्हाईन नदीतल्या, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्समधल्या कालव्यांतल्या सुमारे २,४०० बार्ज गोळा केल्या. आपल्याकडच्या बंदरांत पडाव असायचे, त्याच जातीच्या या सपाट तळाच्या मालवाहू नौका. त्यांचा पुढचा भाग कापून उतरण बसवली, तळाला काँक्रीट ओतलं. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश नौकांनाच स्वतःचं इंजिन होतं. बाकीच्या ओढत न्यायच्या, रात्रीच्या अंधारात, माणसाच्या चालण्यापेक्षा थोड्याच जास्त वेगाने. ही रांग शत्रूच्या विनाशिकांसमोर कशी दिसली असती, याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळालं. २१ मे १९४१च्या रात्री क्रीट बेटाकडे सैनिक घेऊन निघालेला मचव्यांसारख्या छोट्या नौकांचा जर्मन ताफा रॉयल नेव्हीच्या हाती सापडला आणि उधळला गेला. त्याच लढाईत दिवसाउजेडी विमानांनी रॉयल नेव्हीच्या ३ क्रूझर आणि ६ विनाशिका बुडवल्या, हेही विसरू नका. रात्र जहाजांची, दिवस विमानांचा. तुमच्या लढाईच्या प्रकरणाला ही लय आयती मिळते.

जर्मन नौदलाची अवस्था त्याआधीच खिळखिळी होती. एप्रिल १९४०मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत 'ब्ल्यूखर' ही नवी जड क्रूझर ऑस्लोच्या वाटेवरच्या जुन्या किल्ल्यातून झालेल्या माऱ्याने बुडाली होती आणि नार्विकला १० विनाशिका गेल्या होत्या.

आता कागद घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, भरती, चंद्र, उजाडण्याची वेळ. जर्मन लष्कराला पहाटे उतरायचं होतं. नौदलाला भरती नुकतीच ओसरू लागलेली हवी होती, म्हणजे टेकलेली नौका पुढच्या भरतीला पुन्हा तरंगेल. शिवाय रात्री वाट दिसण्यापुरतं चांदणं. या तिन्ही गोष्टी १९ ते २६ सप्टेंबरच्या सुमारास जुळत होत्या. तुमचा दिवस या खिडकीतच बसवा. कोकण किनाऱ्याशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको: उधाण कोणासाठी थांबत नाही. म्हणून लढाईची वेळ कथानकाच्या सोयीने न ठरवता त्या तक्त्यावरून ठरवा आणि कथानक तिच्याभोवती वाकवा. माझा अनुभव असा, की अशा वाकवण्यातून न सुचलेले प्रसंग हाती लागतात. ओहोटीला चिखलात रुतलेली बार्ज, तिच्यातून न उतरणारे बिथरलेले घोडे, आणि बांधावरून ते बघणारा, आयुष्यभर घोडेच सांभाळलेला शेतकरी. त्याने गोळी झाडावी की नाही?

चौथी पायरी: गाव पायाखाली घाला

रॉम्नी मार्शचा नकाशा भिंतीला लावा. सपाट, समुद्रसपाटीच्या आसपासची जमीन, पाण्याचे चर, मेंढ्या, डिमचर्चची समुद्रभिंत, डंजनेसचं गोट्यांचं टोक. आतल्या बाजूने रॉयल मिलिटरी कॅनॉल जातो. नेपोलियनच्या भीतीने १८०४ ते १८०९ मध्ये खणलेला हा सुमारे ४५ किलोमीटरचा कालवा १९४० साली पुन्हा संरक्षणरेषा झाला, त्याच्या काठी काँक्रीटचे मोर्चे उठले. किनाऱ्यावर त्याच काळातले मार्टेलो बुरूज उभे आहेत. म्हणजे या गावाने शत्रूची वाट एकदा आधीही पाहिलेली आहे. तुमच्या म्हाताऱ्या पात्राच्या आजोबांकडून आलेल्या गोष्टी इथे कामाला येतील. या भागातून धावणाऱ्या पर्यटकांच्या छोट्या रेल्वेवर युद्धात चिलखती गाडीही चालवली गेली. असे तपशील कल्पनेने सुचत नाहीत, ते शोधावे लागतात.

त्या उन्हाळ्यातलं गाव नेहमीचं गाव नाही, हे लक्षात असू द्या. रस्त्यावरच्या पाट्या काढलेल्या, स्टेशनांची नावं उतरवलेली. मुलांपैकी बरीच दूर पाठवलेली, म्हणून रस्ते शांत. जुलैपासून चहा माणशी आठवड्याला २ औंस. रेडिओवर बातम्या देणारे आता स्वतःचं नाव सांगू लागलेले, कारण शत्रूने रेडिओ केंद्र बळकावून खोटी बातमी दिली, तर लोकांना आवाज ओळखता यावा. आणि घरोघरी एक सरकारी पत्रक: शत्रू आला तर जागचे हलू नका. फ्रान्समध्ये पळणाऱ्या लोकांनी रस्ते भरले आणि फौजा अडकल्या, त्याचा हा धडा होता. 'जागचे हलू नका' या हुकमातच तुमच्या पहिल्या भागाचा संघर्ष आहे. गरोदर सून घरात असताना हा हुकूम कोण पाळेल?

पाचवी पायरी: शत्रूच्या अंमलाखालचा मंगळवार लिहा

लढाईचं प्रकरण लिहायच्या आधी हे लिहून बघा: अंमल सुरू होऊन आठवडा झालेला, काहीच विशेष न घडणारा एक मंगळवार. तो जमला तर कादंबरी जमेल.

यासाठी खरा आरसा आहे चॅनेल बेटांचा. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची ही ब्रिटिश राजाची बेटं. लंडनने ती लढवायची नाहीत असं ठरवलं, सैन्य काढून घेतलं. २८ जून १९४० रोजी जर्मन विमानांनी बंदरांवर बाँब टाकले, ४४ माणसं मेली. ३० जूनला ग्वर्न्सी, १ जुलैला जर्सी त्यांच्या ताब्यात गेलं, आणि सुटका झाली थेट ९ मे १९४५ला. पाच वर्षं.

तिथे काय बदललं ते बघा. घड्याळं पुढे झाली, बर्लिनच्या वेळेवर. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागल्या. हेल्मेटवाला ब्रिटिश पोलीस जर्मन अधिकाऱ्याच्या गाडीपाशी अदबीने उभा दिसू लागला. १९४२ साली रेडिओ जप्त झाले, मग लोकांनी स्फटिकांचे बिनविजेचे छोटे रेडिओ बनवले. ग्वर्न्सीत काही माणसांनी बीबीसीच्या बातम्या टंकून गुपचूप वाटल्या, पकडले गेले, आणि त्यांतले काही परत आले नाहीत. जर्सीत चित्रकार एडमंड ब्लॅम्पिड यांनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत टपाल तिकिटाच्या नक्षीत राजाची आद्याक्षरं दडवली. हे वाचताना मला नेहमी भरून येतं. बंदूक नाही, बाँब नाही, एक वेलबुट्टी. आणि तरी पकडले जाण्याची भीती तीच.

याच बेटांचं दुसरं पानही तेवढंच खरं आहे. जर्मनांच्या हुकमावरून स्थानिक कचेरीने ज्यूंची नोंदवही केली. एप्रिल १९४२मध्ये ग्वर्न्सीहून तीन स्त्रियांना फ्रान्सला नेण्यात आलं. तिघींचा अंत आउशविट्झमध्ये झाला. नोंदवहीत नाव लिहिणारा कारकून राक्षस नव्हता. तो फॉर्म भरत होता. तुमच्या कादंबरीत हा कारकून हवाच, आणि त्याला खलनायक करायचा मोह टाळा. त्याला घर द्या, दम्याने आजारी बायको द्या, नीटनेटकं अक्षर द्या. ग्वर्न्सीच्या पोलिसांच्या एका गटाने जर्मन कोठारांतून धान्य-सामान पळवलं, त्यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाल्या. ही चोरी की प्रतिकार? बेटावर युद्धानंतरही हा प्रश्न धुमसत राहिला. असे दोन-तीन प्रश्न कथेत पेरा आणि उत्तर देऊ नका.

मात्र केंटची पट्टी म्हणजे ग्वर्न्सी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. मुख्य ब्रिटनसाठी जर्मनांचे आराखडे जास्त कठोर होते. ९ सप्टेंबर १९४०च्या जर्मन लष्करी हुकमानुसार १७ ते ४५ वयाच्या धडधाकट पुरुषांना पकडून युरोपात न्यायचं होतं. अटक करायच्या माणसांची यादी तयार होती, सुमारे २,८०० नावांची. तेव्हा तुमच्या मंगळवारी गावात पुरुष किती उरलेत, आणि जे उरलेत ते का उरलेत, हे आधी ठरवा. बाईला विचारलेला 'तुमचा नवरा कुठे आहे?' हा साधा प्रश्न तिथे जिवावरचा होतो.

सहावी पायरी: प्रतिकार, आणि त्याची किंमत

मराठी वाचकाला 'भूमिगत' हा शब्द ऐकला की १९४२ आठवतं, साताऱ्याचं प्रतिसरकार आठवतं. इथे तो शब्द अक्षरशः खरा आहे. १९४०च्या उन्हाळ्यात कर्नल कॉलिन गबिन्स यांच्या हाताखाली ब्रिटनने 'ऑक्झिलरी युनिट्स' उभी केली, आणि ही माणसं खरोखर जमिनीखाली राहणार होती. चार ते आठ जणांची टोळी. शेतकरी, रानाची राखण करणारे, आणि त्याच रानात चोरून शिकार करणारेही, कारण अंधारात आवाज न करता चालणं त्यांना येत होतं. रानात खणलेलं तळघर, वर झाकण, झाकणावर पानं-माती, मागे सुटकेचा बोगदा. शत्रू पुढे सरकला की त्याच्या पाठीमागे रात्री बाहेर पडायचं आणि त्याची कोठारं, पेट्रोल, गाड्या उडवायच्या. शिधा साधारण दोन आठवड्यांचा. त्याहून जास्त शिधा का नाही, हे त्यांना कळत होतं.

प्रशिक्षण कोल्सहिल हाउस या वाड्यात. तिथे जाणाऱ्याला आधी हायवर्थच्या पोस्टात जावं लागे. पोस्टमास्तरीण मेबल स्ट्रँक्स त्याला न्याहाळत, मग फोन करत आणि मग गाडी येई. पुढच्या काळात या लोकांच्या घातपाताच्या पुस्तिकेला शेतकऱ्याच्या डायरीचं वेष्टन चढवलं होतं, त्यावर खताची जाहिरात. बायकोला काही सांगायचं नाही, अशी शपथ होती. सुदृढ गडी सैन्यात जात नाही, रात्री कुठेतरी भटकतो, म्हणून गावात टोमणे खाणारेही त्यांत होते.

याशिवाय एक वेगळं हेरांचं जाळं होतं, त्यात स्त्रियाही होत्या: बघायचं, लिहायचं, ठरलेल्या जागी चिठ्ठी सोडायची. दोन्ही जाळी एकमेकांपासून मुद्दाम दूर ठेवलेली. कादंबरीकाराला ही देणगीच. नवरा तळघरात, बायको चिठ्ठ्या पोचवणारी, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. सप्टेंबर १९४०मध्ये हे जाळं अजून विणलं जात होतं, तेव्हा तुमच्या कथेत ते तोकडं, तुटकं दाखवा. संदेश पोचत नाहीत, हे संदेश पोचण्यापेक्षा जास्त खरं आहे.

आता बेटाचा मुद्दा. फ्रान्स किंवा पोलंडमधल्या बंडखोराला मागे अरण्य होतं, ओलांडायला सरहद्द होती. बेटावरच्या माणसाला मागे पाणी आहे. केंटच्या पट्टीत तर एकीकडे समुद्र, दुसरीकडे लढाईची आघाडी, आणि मध्ये काही मैलांची सपाट जमीन, जिथे उभा माणूस लांबून दिसतो. लपायला जागा नाही, आणि गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी लागतो. म्हणून इथे प्रतिकाराची किंमत लगेच आणि घराशेजारी चुकवावी लागते.

ही किंमत कशी असते हे क्रीटने दाखवलं. २० मे १९४१ला जर्मन छत्रीसैनिक उतरले, तेव्हा साध्या गावकऱ्यांनीही हाती लागेल त्या हत्याराने त्यांच्याशी झुंज घेतली. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोंडोमारीत पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या आणि कांदानोस हे गाव जमीनदोस्त झालं. तरी क्रीटला डोंगर होते, आणि तिथला लढा १९४५पर्यंत चालला. रॉम्नी मार्शला डोंगर नाहीत.

तेव्हा घातपाताचा प्रत्येक प्रसंग तीन वेळा लिहा. एकदा तो करणाऱ्याच्या नजरेतून. एकदा दुसऱ्या सकाळी गावात ओलीस धरलेल्यांच्या घरातून. एकदा पहारा देणाऱ्या विशीतल्या जर्मन सैनिकाच्या नजरेतून, ज्याला परत नेणारी नौका येणार नाही हे उमगू लागलं आहे. छापायला तिन्ही लागणार नाहीत, पण लिहिल्याशिवाय कुठला हवा ते कळत नाही. माझ्याकडे बहुतेक वेळा दुसरा टिकतो. आणि एक प्रश्न टाळू नका: टोळीतला एक जण जखमी होतो, त्याला उचलून नेता येत नाही, आणि त्याला तळघर ठाऊक आहे. पुढे काय? हे पान उरकून टाकलं, तर आधीची सगळी पानं फुकट जातात.

सातवी पायरी: सांगतोय कोण?

मराठीत ही कथा लिहिताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. ज्या ब्रिटनवर आपण शत्रू उतरवतोय, तेच त्या वेळी आपल्यावर राज्य करत होतं. ३१ जुलै १९४० रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात उधम सिंग यांना फाशी झाली. ८ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतासाठी 'ऑगस्ट प्रस्ताव' मांडला, तो काँग्रेसने नाकारला. आणि त्याच उन्हाळ्यात भारतीय फौजेच्या खेचरांच्या तुकड्या, बहुतांश पंजाबी मुसलमान जवान, डंकर्कहून सुटून ब्रिटनमध्ये होत्या. त्यांतल्या एका तुकडीला फ्रान्समध्येच जर्मनांनी कैद केलं होतं.

अशा एखाद्या जवानाला निवेदक करून बघा. परक्या बेटावर, परक्याच्या युद्धात, परक्याच्या शत्रूसमोर उभा असलेला माणूस. चिखलात रुतलेले घोडे त्याला त्या शेतकऱ्याइतकेच कळतात. 'आपली जमीन' हा शब्द गावकरी उच्चारतात तेव्हा तो काय ऐकतो? मात्र त्याला भाषणं देऊ नका. १९४७ त्याला माहीत नाही.

भाषेचं थोडक्यात: हुद्दे आणि शस्त्रांची नावं जशी आहेत तशी देवनागरीत ठेवा, बाकी समुद्राला आणि शेतीला आपले शब्द वापरा. उधाण, ओहोटी, भांग, खाजण, बांध, चर. केंटच्या शेतकऱ्याला आपल्या गावाकडच्या ढंगात बोलायला लावू नका, त्याने तो इथलाही राहत नाही आणि तिथलाही. साधी, थोडी कमी बोलणारी मराठी त्याला शोभते.

शेवटची पायरी: घंटा

कादंबरी कुठे थांबवायची याची चाचणी सोपी आहे: पात्रांना जेवढं कळलं तेवढ्यावर. 'पुढे १९४५मध्ये…' असा उपसंहार जोडू नका. खऱ्या ऑक्झिलरी युनिट्सना नोव्हेंबर १९४४मध्ये घरी जायला सांगितलं गेलं. एक छोटा बिल्ला मिळाला, आणि बरेच जण नंतरही अनेक वर्षं घरात काही बोलले नाहीत.

आपल्या उदाहरणात मी तेविसाव्या दिवशी थांबेन. उत्तरेकडून तोफांचा आवाज जवळ येतोय. रस्त्यावर दोन दिवस जर्मन दिसलेले नाहीत. कोणीतरी म्हणतं, घंटा वाजवा. पण घंटेचा हुकूम शत्रू येण्याचा आहे, जाण्याचा नाही. पलीकडच्या गावात ती ऐकू गेली, तर लोक पुन्हा तळघरांत शिरतील. शिवाय दोर ओढणारा म्हातारा ओलिसांत गेला, आणि तो ज्यांच्यामुळे गेला त्यांतला एक मनोऱ्याच्या दारात उभा आहे, तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच उजेडात आलेला. हा प्रसंग तुम्ही कादंबरी सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, दोन पानांत, घंटा वाजली की नाही हे न ठरवता. मग पहिल्या पानाकडे या.